मोकळ्या टोकाचा पूल

आयुष्यभर लोकांनी माझा शब्द पारखून घेतला. न पारखता घेतला तो एकदाच, आणि त्यातच मी बुडालो. तो राग अजून गेलेला नाही.

सायकलवर भंगार गोळा करता करता मी सालेकसाकडच्या एका गावाजवळ, नाल्यापलीकडे, स्वतःचं गोदाम बांधलं. नाल्यावर इंग्रजांच्या वेळचा लोखंडी पूल. शेजारी सिमेंटचा नवा पूल उठत होता. तो झाला की जुन्याचा लिलाव. माझा डोळा त्या लोखंडावर.

लोखंड तरी कसं! ओतीव नव्हे, घडीव. हातोडीने ठोकलं की देवळातल्या घंटेसारखं वाजायचं. वेल्डिंगचा एक टाका नाही. लालभडक तापवलेले रिव्हेट, म्हणजे जाड लोखंडी खिळे, ठोकून बसवलेले. थंड होताना ते आक्रसले आणि दोन पत्रे एकमेकांना असे चिकटले की आज कागद आत जाणार नाही. सगळ्यात हुशारी एका टोकाला. एक टोक दगडी खांबावर पक्कं बसवलेलं, दुसरं नुसतं लोखंडी रोलरवर टेकलेलं. वैशाखात लोखंड तापून लांबलं की पूल रोलरवर सरकतो, थंडीत परत येतो. बांधून टाकला असता तर त्याने दगडच फोडला असता.

आता बैलबाजाराचा नियम सगळ्यांना ठाऊक आहे. जो बैल घ्यायचा, त्याचीच खोड काढायची. मी चहाच्या टपरीवर सुरू केलं, "गंजला हो. लोखंड कुठलं, पापड आहे."

गावात एक दादाजी होते. त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधलेले. त्यांना मी मुद्दाम पुलाखाली नेलं आणि रोलर दाखवले. "बघा दादाजी, हे टोक बांधलेलंच नाही."

तलाव बांधणाऱ्याला बांधाच्या पाळीत बोटभर जागा मोकळी दिसली की झोप लागत नाही. दादाजींचा चेहराच उतरला. "अरे बापा! काऊन नाही सांगितलं आतावरी? आमचे पोट्टे याच्यावरून शाळेत जाऊन राहिले न!"

त्यांनी गाव उठवलं. बांधकाम खात्याचे तरुण साहेब आले, गर्दी पाहून घाबरले आणि चौकशी होईपर्यंत पूल बंद. दोन्ही तोंडांना दगड रचले. नवा पूल अजून अर्धाच होता. माझं गोदाम पलीकडे, ट्रक अलीकडे. प्रत्येक फेरीला जंगलातून वळसा.

मी साहेबांकडे जाऊन ओरडलो, "पूल ठणठणीत आहे!"

"आपही ने तो पापड बोला था, सेठजी," साहेब म्हणाले. "आता गावालाच समजवा."

ग्रामसभेत मी उभा राहिलो. रागात होतो, म्हणून खरंच बोललो. रिव्हेट सांगितले, रोलर सांगितले, हातोडीचा नाद तोंडाने काढून दाखवला. मग सगळ्यांना पुलापाशी नेलं, ट्रकपुरते दगड बाजूला सारले आणि माझा भरलेला ट्रक त्यावरून स्वतः चालवत नेला. पूल हूं की चूं करेना. लोकांनी टाळ्या वाजवल्या. उरलेले दगड त्याच संध्याकाळी हटले.

मी खाली उतरलो तेव्हा दादाजी रोलरपाशी वाकून बसले होते. हसत म्हणाले, "सेठ, बाजारात बैलाची खोड कोन काढते?"

"घेणारा."

"अन्‌ तारीफ?"

उत्तर दादाजींनीच दिलं.

"मालक करते. तुमी आज एवढी तारीफ केली, म्हंजे पूल तुमचाच झाला न बाप्पा. मंग आपलाच बैल तोडाले कायले मांगता?"

सभा पुन्हा बसली. जुना पूल पाडायचा नाही, बैलगाड्या आणि पोरांसाठी ठेवायचा, असा ठराव झाला. खात्यानेही तो मानला. पाडायचा खर्च वाचला, त्यांचं काय गेलं? देखभालीला जाणकार माणूस हवा, म्हणून दादाजींनी माझंच नाव सुचवलं, आणि मेल्यांनी एकमताने हात वर केले.

आता दर वैशाखाआधी मी पुलाखाली उताणा पडून रोलरमधला कचरा काढतो आणि ग्रीस भरतो. वरून पोरं विचारतात, "सेठ, पापड कसा आहे?" ग्रीससुद्धा माझंच.