एक्कावन्न मार्क आणि फिजिक्स

अन्याय झाला तो सुनीतावर आणि माझ्यावर, १९९८ च्या जूनमध्ये, नाशिकच्या एका कॉलेजच्या प्रवेशाच्या टेबलापुढे. करणाऱ्यांना तो आठवतही नसेल, म्हणून लिहून ठेवते.

त्या सकाळी आम्ही दोघी मैत्रिणी नामपूरहून एसटीने निघालो. बारावीला फिजिक्समध्ये दोघींना सारखेच, एक्कावन्न. गाडी हलताना माझ्या वडिलांनी, आप्पांनी, खिडकीची दांडी धरून एवढंच विचारलं, "तुनं मन शे ना? मंग जाय." मन होतं. सायकलला डायनॅमो लावला की पेडल जड का होतं, हे गावात मला कुणी सांगेना.

टेबलापाशी सोबतीला नाशिक रोडचा माझा मामा होता. टेबलामागच्या सरांनी मार्कलिस्टा पाहिल्या आणि आमच्याकडे न बघता मामाला म्हणाले, "बॉटनी द्या. मुलींच्या आकृत्या छान येतात." मामा हसून हो म्हणाला. सुनीता बॉटनीला गेली, वर्षभरात कंटाळून गावी परतली, लग्न झालं. मी फिजिक्सच म्हणाले. सर म्हणाले, नापास होशील, मग रडत येऊ नको.

झाले नापास, पहिल्याच वर्षी. का ते ऐका. बारावीपर्यंत गावातल्या कॉलेजात आमची प्रयोगशाळा म्हणजे एक कुलूपबंद कपाट. उपकरणं फुटतील म्हणून ते उघडायचं खंडेनवमीला. मीटरला हळदकुंकू, वर झेंडूचं फूल, की परत कुलूप. रीडिंग मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवायची. नाशिकच्या लॅबमध्ये पहिल्या दिवशी मी चपला दाराबाहेर काढल्या आणि मीटरला हात जोडले. शेजारची मुलगी म्हणाली, "नारळ विसरलीस का गं?" पुढे वर्षभर मी 'पुजारीणबाई'.

दुसऱ्या खेपेला पास झाले. डायनॅमोचंही कळलं: दिवा पेटतो तो आपल्याच पायांच्या जोरावर, म्हणून पेडल जड. दिवाळीत आप्पांना सांगितलं, तर त्यांनी सायकल उलटी करून चाक हाताने फिरवलं, डायनॅमो लावून आणि काढून. मग म्हणाले, "हा, खरं शे."

शेवटी सेकंड क्लास. आता नाशकात क्लासेसमध्ये शिकवते आणि सुट्टीत पत्रकं घेऊन तालुक्यातल्या कॉलेजांत फिरते, कपाटं उघडा म्हणून. प्राचार्य चहा पाजतात आणि पत्रकाची घडी करून खिशात घालतात. खरं सांगायचं तर दमलेय. गावी सुनीता मला 'नाशिकवाली' म्हणते, इथे मी अजून 'नामपूरची'. घर म्हणजे काय, तर 'तुला काय हवंय' हे जिथे आपल्यालाच विचारतात ते. त्या हिशोबाने नाशकात मला अजून घर मिळायचंय.

तुमच्याही घरातली एखादी मुलगी या जूनमध्ये कमी मार्क घेऊन असल्या टेबलापुढे उभी राहील. सोबत जरूर जा. पण टेबलामागचा माणूस तिला सोडून तुमच्याशी बोलायला लागला, की त्याला सांगा, तिला विचारा. आणि तुम्ही गप्प बसा.