रिकामी फिरलेली गिरणी

कोकिळाबाईसारखी भित्री बाई ढाणकीच्या पंचक्रोशीत दिवा घेऊन शोधली तरी सापडायची नाही. हे तिच्या तोंडावर सांगितलं तरी ती रागवत नाही. वीज कडाडली की ती पलंगाखाली. बैलानं नुसती मान हलवली की ती शेजारच्या घरात. तिच्या लग्नात फटाक्यांची लड लागली तेव्हा नवरीच मांडवातून पळाली, अन् नवरदेवानं, घनश्यामनं, तिला हाताला धरून परत आणली. ही गोष्ट गावात अजून चवीनं सांगतात. आणि अशा बाईच्या पोटी नयन जन्मला, ज्याला शाळेत असल्यापासून फौजेत जाऊन तोफ चालवायची होती! देवाची मस्करी, दुसरं काय?

शेत घनश्यामचं, पण चौकातली पिठाची गिरणी कोकिळाबाईची. तिथं मात्र ती राणी. एकदा पट्टा फिरायला लागला की बाहेरचं काही ऐकू येत नाही, ना वीज, ना बैल, ना लोकांच्या कंड्या. भित्र्या माणसाला याहून चांगली जागा कोणती! फक्त एक रीत होती. गावात कुणी गेलं की गिरणी बंद. मयत उचलेपर्यंत दगड फिरायचा नाही. त्यामुळे भरदिवसा गिरणीचा आवाज थांबला, की बाया हातातलं काम टाकून दारात यायच्या अन् विचारायच्या, “कोण गेलं व माय?”

त्या चौकातून डावीकडची गल्ली कोकिळाबाईच्या घराकडे जाते, उजवीकडची नाजियाच्या. नाजिया म्हणजे मन्सूर मिस्त्रीची बायको. मन्सूरचं गाड्या दुरुस्तीचं दुकान ढाणकीला. दोघी एकाच वर्षी या गावात नांदायला आल्या, आणि नाजियाचा अफरोज अन् कोकिळाबाईचा नयन एकाच ताटात जेवून मोठे झाले.

या दोघांना फौजेचं वेड लावलं ते शेजारच्या गावच्या सुनीलनं. सुनील तोफखान्यात होता. सुट्टीवर आला की सकाळीच दोघांना उठवायचा, पाठीवर विटांचं पोतं द्यायचा, आणि नाल्यापासून टेकडीवरच्या देवळापर्यंत पळवायचा. पोट्टे धापा टाकत बसले की म्हणायचा, “बसले कायले बे? तोफ काय बसून वढतात?” दोघं त्याला उस्तादच म्हणायचे, कारण फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात हे त्यानंच सांगितलं होतं. सुनीलची आई इंदूबाई तिघांना गरम भाकरी अन् ठेचा वाढायची. कोकिळाबाईही कधी कधी जायची, पोरगं कुठं पडलंबिडलं तर नाही ना, हे बघायला.

अशीच ती एके दिवशी इंदूबाईच्या ओट्यावर बसली होती, तेव्हा फौजेची जीप आली.

वर्दीतला एक साहेब उतरला. इंदूबाईसमोर ताठ उभा राहिला. त्यानं कडक सलाम ठोकला, आणि मग बोलला. काय बोलला ते कोकिळाबाईला आठवत नाही. तिला फक्त तो सलाम आठवतो, आणि इंदूबाईच्या हातातून सुटलेलं सूप. पुढं सुनीलची पेटी आली, घडी घातलेला झेंडा आला, अख्खा तालुका लोटला. कोकिळाबाईनं त्या घरात पुन्हा पाय ठेवला नाही. इंदूबाई बाजारात दिसली की ही दुसऱ्या बोळानं जायची. त्या घरचं दुःख पदराला चिकटून आपल्या घरी येईल, असं तिला वाटायचं. वाईट होतं ते, तिलाही कळत होतं. पण भीती कुणाचं ऐकते!

“आता तरी नाद सोड रे बाप्पा,” तिनं नयनचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले होते.

“उस्तादानं शिकवलं थे वाया घालू का, माय?” नयन म्हणाला. आणि दोघंही भरती झाले, नाशिकच्या तोफखान्यात.

प्रशिक्षण संपताना कसम परेड असते. आईबापाला मानानं बोलावतात. कोकिळाबाईनं फोनवर खोदून खोदून विचारलं, तेव्हा नयननं सांगितलं, की तोफखान्यात तोफ म्हणजेच झेंडा. तिच्यापुढं उभं राहून शपथ घ्यायची, पंडितजी असतात, मौलवीसाहेब असतात, आणि जीव गेला तरी मागं हटायचं नाही असं म्हणायचं. झालं! ‘जीव गेला तरी’ एवढंच बाईनं ऐकलं. सोयाबीन काढणीला आलं आहे, गिरणीवर गर्दी आहे, शंभर कारणं काढून ती गेली नाही. घनश्यामला काढणी सोडवेना. नाजिया म्हणाली, “तू नाही तं मी कोनासंग बसू तिथं?” तीही राहिली.

आणि मग पोरं सरहद्दीवर गेली.

त्या हिवाळ्यात तिकडं काहीतरी पेटलं होतं. टीव्हीवर लोक ओरडत होते. दोन्ही पोरांचे फोन लागत नव्हते. घनश्याम म्हणायचा, “डोंगरात रेंज नसते, भेऊ नको.” पण तोही रात्री कूस बदलत राहायचा. कोकिळाबाईचं तर विचारूच नका. मन चिंती ते वैरी न चिंती. ती गिरणी सकाळपासून लावायची, संध्याकाळपर्यंत बंद करायची नाही.

त्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक आटोपलं होतं. ज्वारीचा शेवटचा डबा दळून होत आला होता. कोकिळाबाईनं पीठ झटकत सहज रस्त्याकडे पाहिलं.

पुलावरून हिरवी जीप येत होती.

जीप हळूहळू येत होती. घर शोधत येणारी गाडी अशीच येते. पुलाजवळ थांबून ड्रायव्हरनं एका म्हाताऱ्याला काही विचारलं. म्हाताऱ्यानं चौकाकडे हात केला. पुढं डावीकडं की उजवीकडं, ते कोकिळाबाईला दिसलं नाही.

गावात फौजेतली पोरं दोनच. गल्ल्या दोनच.

“उजवीकडं वळू दे,” कोकिळाबाई म्हणाली. “देवा, उजवीकडं वळू दे. माह्या दारी नको. उजवीकडं.”

ती मोठ्यानंच म्हणत होती, गिरणीच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? मग बाजूला काही हललं म्हणून तिनं मान वळवली. गिरणीच्या दुसऱ्या दाराशी नाजिया उभी होती. हातात डबा, त्यात मूठभरच ज्वारी. घरातून पुलावरची जीप दिसली आणि ती हाताला लागेल ते उचलून इथं पळत आली होती, जिथं कुणाचं काही ऐकू येत नाही तिथं. तिचे डोळे रस्त्यावर होते आणि ओठ हलत होते.

कोकिळाबाईला ओठ वाचायची गरज नव्हती. ती काय मागते आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. डावीकडं.

तेव्हा तिला आपण काय मागितलं ते कळलं. अफरोज! तिच्या हातची पुरणपोळी पळवणारा, तिला ‘बडी माय’ म्हणणारा अफरोज. तिची तिलाच लाज वाटली.

जीप कुठंच वळली नाही. ती गिरणीसमोर येऊन थांबली.

गिरणीतली ज्वारी संपली होती. आता दगड रिकामा फिरत होता. रिकामी गिरणी कधी फिरवू नये, दगडावर दगड घासतो, ठिणग्या उडतात, पुढच्या पिठात कचकच येते. शेंबड्या पोरालाही हे कळतं. करपट वास सुटला तरी कोकिळाबाईचा हात खटक्याकडे जाईना. गिरणी थांबली की कुणीतरी गेलं. गिरणी चालू आहे तोवर कुणीच गेलं नाही.

जीपमधून सुभेदार उतरला. पिकलेल्या मिशा, वर्दीला कडक इस्त्री. दारात येऊन त्यानं काही विचारलं. ओठ हलले, शब्द दगडाखाली गेले. त्यानं पुन्हा ओरडून विचारलं. कोकिळाबाईनं मानेनंच नाही म्हटलं. काय विचारलं ते माहीत नसताना, नाही! नाही!

“बंद कर व,” नाजिया तिच्या कानात ओरडली.

“नाही करत!”

“कोकिळा, दगड फुटून राह्यला!”

“फुटू दे!”

नाजियानं तिचा हात धरला. बर्फासारखा गार हात, दोघींचाही. आणि मग कोकिळाबाई नाजियाच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, “कोनाचंही नाव घेऊ दे, पोट्टा दोघीचा.” नाजियानं मान हलवली, आणि दुसऱ्या हातानं खटका खाली ओढला.

दगड घरघरत थांबला. पलीकडच्या गल्लीत कुणाचं तरी दार उघडलं. “कोण गेलं व माय?” कुणीतरी ओरडलं.

सुभेदारानं दोघींकडं पाहिलं, पाय जुळवले, आणि कडक सलाम ठोकला.

तोच सलाम! सुभेदारानं पिशवीतून दोन छोट्या पेट्या काढल्या. दोन! म्हणजे दोघंही. त्यानं हिंदीत सुरुवात केली, “माताजी, रेजिमेंट की ओर से...” आणि एवढ्यात कोकिळाबाईनं त्यातली एक पेटी त्याच्या हातावरून उडवली. जन्मात कुणाला मोठ्यानं न बोललेली बाई किंचाळली, “नाही पायजे मले! तुमची पेटी तुमाले लखलाभ! माह्यं पोरगं द्या! हिचं पोरगं द्या!”

नाजिया मटकन खाली बसली होती.

सुभेदार क्षणभर गोंधळला. मग त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याचा चेहराच उतरला. त्यानं डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली. तो पुसदकडचाच होता. हिंदी सोडून तो घरच्या बोलीत आला.

“अव माय! जित्ते हायेत पोट्टे!”

कोकिळाबाईनं आधी काय विचारलं असेल? “दोघंही?”

“दोघंही. मस्त हायेत. मी बाबाराव, त्याह्यचा उस्ताद. काल सकाळी बोललो त्याह्यच्या युनिटशी. तिकडं फोन बंद ठेवले हायेत, बस.”

“खरं सांगा.”

“वर्दीत खोटं बोलू काय, माय?”

मग दोघी रडल्या. गळ्यात गळा घालून, पिठात लोळून, लाज सोडून रडल्या. दारात जमलेल्या बायाही रडल्या, अर्ध्या जणींना काय झालं तेही माहीत नव्हतं. बाबाराव सुभेदार पिठात पडलेली पेटी उचलून बाहीनं पुसत उभा राहिला. दोघी जरा शांत झाल्या तेव्हा त्यानं ती उघडली. आत पदक होतं. शपथ घेतलेल्या जवानाच्या आईबापाच्या छातीवर लावायचं, गौरव पदक.

“कसम परेडीले तुमच्या खुर्च्या रिकाम्या होत्या,” तो म्हणाला. “सगळे पोट्टे मायबापाकडं पळाले. हे दोघं त्या रिकाम्या खुर्च्यायपाशी जाऊन उभे राह्यले. मी म्हटलं, कायले उभे बे? तं नयन म्हणे, ‘माय भेते, उस्ताद. तुमीच नेऊन द्या.’ तवापासून माह्यापाशी हायेत.”

कोकिळाबाईनं पदर तोंडात कोंबला. परेडीला पदक पोरगं स्वतः लावतं म्हणे. इथं पोरं नव्हती, म्हणून कोकिळाबाईनं नाजियाच्या ओढणीवर लावलं आणि नाजियानं तिच्या पदरावर. लावता लावता कोकिळाबाई हळूच म्हणाली, “नाजिया, मी मघा उजवीकडं मांगलं व.”

“मालूम हाये,” नाजिया टाचणी लावत म्हणाली. “मी डावीकडं. आता हलू नको, टोचंल.”

सुभेदारानं चहाला नको म्हटलं. पुढं जायचं होतं.

“आता कुठं?” कोकिळाबाईनं विचारलं.

“सुनीलच्या घरी. आज तो गेला थो दिवस हाये न. रेजिमेंटचं मानूस दरसाली जाते इंदूबाईले भेटाले. आमच्याकडं रीत हाये, माय. गेलेल्याच्या घरी कोनीतरी जातेच.”

दरसाली! दूर कुठल्या छावणीतून माणूस येत होता, आणि हाकेच्या अंतरावरची कोकिळाबाई बोळ बदलून जात होती. तिनं पदरावरचं पदक काढलं, गाठीत बांधलं, आणि म्हणाली, “थांबा. मीबी येतो.” नाजियानंही आपलं काढलं.

जिला ती मरणाइतकी भ्यायली होती, त्याच जीपमध्ये कोकिळाबाई बसली. रस्ताभर नाजियाचा दंड तिनं सोडला नाही. जीपनं खड्डा खाल्ला की “अव माय” म्हणत होती.

शेजारच्या गावात जीप शिरली तेव्हा इंदूबाई ओट्यावर तूर पाखडत होती. हिरवी जीप थेट तिच्या दाराशी येऊन थांबली. कोकिळाबाईनं तिच्याकडं पाहिलं. इंदूबाई दचकली नाही. तिच्या हातातलं सूप हललंसुद्धा नाही. त्या अख्ख्या मुलखात त्या जीपला न भिणारी आई ती एकटीच होती.

तिनं सूप खाली ठेवलं, सुभेदाराला “ये बाप्पा” म्हटलं, आणि मागून उतरणाऱ्या कोकिळाबाईला पाहून जराशी थांबली. कोकिळाबाईच्या पायांना ओट्याची पायरी चढवेना. इंदूबाईच खाली आली आणि तिच्या तोंडावरचं पीठ आपल्या पदरानं पुसलं.

“नयन बरा हाये न व?” तिनं विचारलं. “टीव्ही पायतो तं मले त्याह्यचंच भेव वाटते.”