उद्यामास्तर आणि सत्याचा पट्टा

गल्लीत त्यांना तोंडावर ‘मास्तर’ म्हणत आणि पाठ वळली की ‘उद्यामास्तर’. शिलाईत हात असा साफ, की कोटाची बाही नुसती बघत बसावी. पण तो कोट मिळणार कधी? उद्या! उद्या गेलं की परवा, आणि परवा गेलं की ‘अहो, आत्ताच काजं करायला पाठवला.’ कसली काजं आणि कसलं काय! कापड तसंच्या तसं गठ्ठ्यात पडलेलं. मास्तर मात्र हात जोडून, कमरेत वाकून असं काही गोड बोलत, की गिऱ्हाइकालाच वाटावं आपण उगाच घाई केली. बरं, खोटं बोलून माणूस काही कमावत होता म्हणावं, तर तेही नाही. कोणाला नाही म्हणायला त्यांची जीभ रेटत नसे, एवढंच.

रविवारी मात्र मास्तर चर्चमध्ये सगळ्यात पुढच्या बाकावर. त्या रविवारी पाळकसाहेबांनी लढाईचा विषय काढला. सैतान टपून बसलाय म्हणाले, कुठे फट सापडते ते बघतोय. तेव्हा सकाळी उठल्यावर अंगात जसा सदरा घालता तसं देवाचं चिलखत घाला. विश्वासाची ढाल घ्या, डोक्यावर तारणाचं शिरस्त्राण चढवा, पण सगळ्यात आधी कमरेला सत्याचा पट्टा आवळा! ‘आणि एक लक्षात ठेवा,’ पाळकसाहेब मूठ आपटून म्हणाले, ‘आपली लढाई रक्तामांसाशी नाही!’

मास्तर बाकावर चुळबुळले. कारण त्यांची लढाई अगदी रक्तामांसाशीच होती. त्यांचे होणारे व्याही खाटीक होते.

थोरल्या लेकीचं लग्न खाटकाच्या मुलाशी ठरलं होतं, येत्या शनिवारी, ह्याच चर्चमध्ये. व्याह्यांनी हौसेनं स्वतःच्या कोटासाठी गडद निळं कापड आणून दिलं होतं, दुकानातला शेवटचा तुकडा. मास्तरांनी तो कोट चक्क वेळेत शिवला. आणि मग इस्त्री फिरवताना दारातल्या गिऱ्हाइकाला ‘उद्या नक्की, उद्या नक्की’ करत बसले. कोटाच्या पाठीवर बरोब्बर मधोमध इस्त्रीचा तपकिरी ठसा उमटला. व्याही म्हणजे अख्खा बोकड खांद्यावर टाकून जिना चढणारा गडी. चिडला की सुरा ओंडक्यावर असा हाणायचा, की शेजारच्या दुकानातल्या बरण्या वाजायच्या. ह्या माणसानं कोटापायी लग्नच मोडलं तर? लेक तर आधीच, लग्न ठरल्यापासून गप्प गप्प होती. मास्तर ज्याला त्याला सांगत, ‘लाजते हो पोरगी! राजी आहे, एकदम राजी!’

ह्याच विचारात ते गाण्यासाठी उभे राहिले आणि कमरेत अशी उसण भरली, की गाण्याऐवजी भलताच सूर निघाला. दोघांनी उचलून घरी आणलं. डॉक्टरांनी एक रुंद पट्टा दिला, आतून पोलादाच्या पट्ट्या घातलेला. बायकोनं तो कमरेभोवती करकचून आवळला आणि म्हणाली, ‘घ्या. आला तुमचा सत्याचा पट्टा.’

ती आपली चेष्टेनं बोलली. मास्तरांनी ते शब्दशः मनावर घेतलं.

सोमवारी सकाळी पहिलं गिऱ्हाईक आलं, शाळेतला शिपाई. त्याची पँट मास्तरांकडे अडकून पडली होती. मास्तर सवयीप्रमाणे हात जोडून वाकले, ‘उद्या न...’ म्हणाले, आणि बरगडीखाली असं टोचलं की ‘नक्की’ घशातच राहिलं. ते दचकून ताठ झाले.

‘अजून कापलीच नाही,’ त्यांच्या तोंडून निघून गेलं. टोचणं थांबलं.

शिपाई इतका चक्रावला, की चिडायचंच विसरला. ‘मग मिळणार कधी?’

‘गुरुवारी,’ मास्तर भीत भीत म्हणाले. काही टोचलं नाही. म्हणजे आता गुरुवारी द्यावीच लागणार, बोंबला!

दिवसभर तोच तमाशा. बेकरीवाली बाई नवा झगा घालून आरशासमोर गिरकी घेत म्हणाली, ‘मास्तर, जाड तर दिसत नाही ना मी?’ मास्तर पुढे झुकले, कळवळले, सरळ झाले आणि म्हणाले, ‘दिसता.’ बाईनं झगा उचलला, बहिणीचे दोन झगे उचलले, आणि दार आपटून गेली. संध्याकाळपर्यंत मास्तरांचं निम्मं गिऱ्हाईक तुटलं होतं आणि चेहरा मात्र उजळला होता.

‘अगं, देवच मला हात लावतोय!’ ते बायकोला म्हणाले.

‘देव नाही, पट्टीचं टोक लागतंय,’ बायको म्हणाली. ती भाजी चिरत होती, मानसुद्धा वर केली नाही. ‘खोटं बोलताना तुम्ही वाकता, म्हणून टोचतं. ताठ उभं राहून थापा मारा, काही होणार नाही.’

मास्तरांनी लगेच करून पाहिलं. भिंतीला पाठ लावली, छाती काढली, आणि ‘उद्या नक्की’ म्हणायला तोंड उघडलं. छे! वाकल्याशिवाय थाप बाहेरच पडेना. थाप आणि कंबर, इतक्या वर्षांची दोघींची जोडी, एकटीनं यायला थाप तयारच नव्हती.

‘मग ह्यात देवही नाही, सैतानही नाही म्हणतेस?’ मास्तर हिरमुसून म्हणाले.

‘सैतान आहे की. पण तुमच्या जिभेवर आयती गादी असताना तो कमरेत कशाला झोपायला जाईल?’

बुधवारी दुपारी मास्तरांनी खिडकीतून पाहिलं आणि त्यांचं धाबं दणाणलं. व्याही येत होते. अंगात डागाळलेला एप्रन, हातात फडक्यात गुंडाळलेला सुरा. लढाई दारात आली होती! मास्तरांनी थाप तयार ठेवली होती, कापडच गिरणीतून खराब आलं म्हणून सांगायचं. पण ह्या पट्ट्यात ती निघणार कशी? त्यांनी घाईघाईनं पट्टा सोडला. त्याबरोबर कमरेनं दगा दिला आणि मास्तर कापडं बेतायच्या टेबलावर पालथे पडले.

‘अरेच्चा! मास्तर, काय झालं?’ व्याही आत येत म्हणाले.

‘काही नाही, कापड बघतोय जवळून.’

व्याह्यांनी सुरा बाजूला ठेवला, मास्तरांना एका हातानं उभं केलं, आणि खाली पडलेला पट्टा उचलून त्यांच्या कमरेला असा आवळला, जसा ते बोकड टांगताना दोर आवळत असतील. मास्तरांचे डोळे पांढरे झाले. आता वाकायची सोयच उरली नाही.

‘तुमचा कोट मी जाळला,’ मास्तर म्हणाले. ‘पाठीवर. इस्त्रीनं. चूक माझीच.’ आणि डोळे मिटून सुऱ्याची वाट पाहत उभे राहिले.

व्याह्यांनी खुंटीवरचा कोट काढून उजेडात धरला. मग खो खो हसायला लागले. ‘अहो, माझी पाठ बघितलीय कोणी? गिऱ्हाईक सगळं समोरून येतं! लग्नात भिंतीला टेकून बसतो, झालं.’ मग ते एप्रनला हात पुसायला लागले. ‘मी कोटासाठी आलोच नाही, मास्तर. सुरा धारेला द्यायला निघालो होतो, तर पोरगा म्हणाला, जाता जाता एक विचारून या. तुमची लेक त्याच्याशी धड बोलत नाही. त्याला झोप नाही. मला खरं सांगा, ती राजी आहे ना?’

मास्तरांनी तोंड उघडलं. ‘एकदम राजी’ हे त्यांनी अख्ख्या गल्लीला सांगितलं होतं. आता मात्र ते ओठांपाशी येऊन अडलं, कारण तिला त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. स्थळ आलं, चांगलं वाटलं, त्यांना नाही म्हणवेना आणि त्यांनी हो म्हणून टाकलं. एवढी मापं घेणाऱ्या माणसानं पोटच्या पोरीचं मन काही मोजलं नव्हतं. त्यांना स्वतःची इतकी शरम वाटली, की कोटाचं दुःख कुठल्या कुठे गेलं.

‘मला माहीत नाही,’ ते म्हणाले. ‘मी तिला विचारलंच नाही.’

व्याह्यांचा चेहरा पडला. आता कोणत्याही क्षणी हा माणूस सुरा उचलून निघून जाईल आणि लग्न मोडलं म्हणून सांगेल, हे मास्तरांना दिसत होतं. तरी त्यांनी आत हाक मारली. बायको आणि तिच्यामागून लेक, दोघी दारात आल्या. लेकीच्या हातात तिचा लग्नाचा पांढरा झगा होता, ती त्याला गोंडा लावत होती.

‘बाळ,’ मास्तर म्हणाले, ‘हे लग्न तुला करायचंय का? मी आधी विचारायला हवं होतं. आत्ता विचारतोय.’

लेकीनं एकदा होणाऱ्या सासऱ्याकडे पाहिलं, एकदा आईकडे. आईनं काही खूण केली नाही.

‘आणि मी नाही म्हटलं तर?’ तिनं विचारलं.

‘तर आत्ता, इथेच, ह्यांना नाही म्हणून सांगतो.’

‘तुम्ही? नाही म्हणाल? तोंडावर?’

‘म्हणेन.’

तिनं सुई झग्यात खोचून ठेवली.

‘मग आहे मी राजी,’ ती म्हणाली, ‘मला तो आवडतो, बाबा. फक्त मागे फिरायची वाट बंद होती ना, त्याची भीती वाटायची.’ एवढं बोलून ती परत गोंडा लावायला बसली. आणि रडायला लागले ते मास्तर.