परसातला नळ

कळंबचे ज्ञानदेव वालचंदनगरच्या कंपनीत एकतीस वर्षं फिटर होते. पाइपात पाण्याचा दाब कुठं मरतोय, हे ते नुसता हात लावून ओळखत, असं त्यांच्याबरोबरचे लोक अजून सांगतात. रिटायर झाल्यावरही गावात कुणाची मोटर पाणी ओढेना की बोलावणं त्यांनाच यायचं.

यंदा त्यांच्या पत्नी रंगुबाई परसात घसरून पडल्या आणि त्यांचा उजवा हात मोडला. प्लास्टर चढलं. परसातली झाडं सगळी त्यांनी लावलेली. शेवगा, कढीपत्ता, दोन लिंबं आणि कुंपणाकडेची मोगऱ्याची रांग. पाणी घालायचं काम आता ज्ञानदेवांकडं आलं. ते त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं.

पहिल्या दिवशी त्यांनी परसातला नळ सोडला, तर सुतळीएवढी धार आली. बादली भरायला चौदा मिनिटं लागली. टाकीजवळच्या नळाखाली तीच बादली दोन मिनिटांत भरली. मग रंगुबाई रोज काय करत होत्या, ते त्यांना उमगलं. टाकीपाशी भरायचं आणि घराला वळसा घालून परसात न्यायचं. रोजच्या बारा-तेरा बादल्या. पडल्या तेव्हाही हातात बादलीच होती.

“इतकी वर्षं बोलली का न्हाईस?” त्यांनी विचारलं.

रंगुबाई म्हणाल्या, “पयल्यांदा बोलले हुते. तुमी म्हणालात, रविवारी बघू. मग मला वाटलं, हितं एवढंच पाणी येत आसंल.”

तो रविवार ज्ञानदेवांना काही केल्या आठवेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाना काढला. नळ उतरवला तरी उघड्या पाइपातून धार तेवढीच. म्हणजे दोष नळात नव्हता. भिंतीकडेनं मागं येत त्यांनी पाइपाचा एक तुकडा कापला. घर बांधताना त्यांनीच टाकलेला लोखंडी पाइप. वरचा रंग शाबूत होता, आत मात्र गंजाचे थर चढून जेमतेम पेन्सिल जाईल एवढी वाट उरली होती. कंपनीतल्या पाइपांची तपासणी त्यांनी एकदाही चुकवली नव्हती.

बारामतीहून मुलगी करुणा प्लंबर पाठवते म्हणत होती. त्यांनी नको सांगितलं. दोन दिवस स्वतः चर खणला, टाकीपासून जाड काळा पाइप टाकला. पूर्वी पाच ठिकाणी वळणं होती, आता एकच ठेवलं.

नळ सोडला आणि त्यांनी रंगुबाईंना हाक मारली. रंगुबाईंनी डावा हात धारेखाली धरला. पाणी कोपरापर्यंत उडालं. त्यांनी हात लवकर काढला नाही.

पुढं प्लास्टर निघालं, तरी पाणी घालणं ज्ञानदेवांकडंच राहिलं. रंगुबाई पायरीवर बसून सांगतात, मोगऱ्याच्या बुडात नको, कडंनं सोडा. शेवग्याला एवढं लागत न्हाय. ज्ञानदेव मुकाट्यानं नळ बारीक करतात.