पास झालेल्या मालाला कुंकू

पेणकरपाड्याच्या अंबिकाताईंनी निम्मं आयुष्य भाईंदरच्या स्टील कारखान्यात चमचे पुसण्यात काढलं. खंडेनवमीला तिथे मशीनला हळदकुंकू लागायचं, झेंडू लागायचा आणि तयार मालालाही एकेक बोट. चमच्यांनी कधी तक्रार केली नाही.

पुढे त्या स्वप्नीलशेठच्या गाळ्यात लागल्या. इथे करंगळीएवढे दांडे बनत. विमानाचा कसलासा पार्ट, एवढंच ठाऊक. शेवटचं पुसणं आणि पॅकिंग त्यांच्याकडे, त्यामुळे दांड्यांवर भारी जीव.

दसरा झाला नि ऑर्डर देणाऱ्या सरकारी लॅबचे नीरजसाहेब तपासणीला आले. ट्रेमधला एक दांडा भिंगाखाली फिरवता फिरवता थबकले.

"स्वप्नील, खाचेत हे लाल काय?"

शेठ वाकला आणि पांढराफटक पडला. "अंबिकाताई!"

"कुंकू ते. नवमीचं. पुसलंय की मी!"

"अहो, पूजा मशीनची करायची! मालाला कशाला नटवताय?"

नीरज हसले नाहीत. "ताई, ह्या दांड्यावर क्षेपणास्त्राचा पंख फिरतो. आपलं लढाऊ विमान ते सोडणार, डोळ्यांना दिसतही नाही इतक्या लांबच्या शत्रूच्या विमानावर. इतकी वर्षं बाहेरून आणायचो, आता आपण घडवतोय. खाचेत कण राहिला, पंख अडकला, तर ते भलतीकडे जाईल. आणि समोरचा आपल्या वैमानिकावर नेम धरून बसलेला असेल."

अंबिकाताईंनी हातातलं फडकं खाली ठेवलं. चमच्यांची सवय, आणि कुठे जाऊन पोचली!

"एवढ्याच ट्रेला लावलंय ना?" नीरजनी विचारलं.

"हो हो, एवढ्याच!" शेठ घाईने म्हणाला. डोळ्यांनी ताईंना दटावत होता. ऑर्डर गेली तर गाळा बंद, आणि ताईंची नोकरीही.

ताईंना ते कळलं. पण दाराशी टेम्पोची वाट बघणाऱ्या खोक्याकडे त्यांचं बोट गेलंच. "त्यातल्यांनाही लावलंय, साहेब."

"ते तर मी नवमीआधीच पास केलंय!"

"तुम्ही गेल्यावर लावलं, झाकण बसवायच्या आधी. पास झालेला माल, म्हणून जरा जास्तच."

नीरजनी स्वतः खोकं फोडलं. पहिल्याच दांड्याच्या खाचेत लाल रेघ.

"ह्याच्याकडे पुन्हा कुणी बघितलंच नसतं," ते पुटपुटले. "माझा शिक्का होता ना वर."

"उद्यापासून येऊ नका म्हणाल ना?" ताईंनी शेठला विचारलं.

शेठने नीरजकडे बघितलं.

"यायचं, ताई," नीरज म्हणाले. "ह्या खाचा आता पुरत्या साफ होतील याचा भरवसा नाही, सगळे दांडे नव्याने बनवायचेत. पुसायचे तुम्हीच. फक्त झाकण लागेपर्यंत मी इथून हलणार नाही. आणि कुंकवाचा करंडा घरी ठेवून या."