चिंतनअप्पांचा बॅनर

मतमोजणीच्या आदल्या दिवशीच पराभवाच्या चिंतन बैठकीसाठी चिवडा सांगून ठेवणारा पुढारी मी एकच पाहिला. आमच्या नळदुर्गात त्यांना चिंतनअप्पाच म्हणत. एकदा पक्ष चुकून जिंकत चालला, तेव्हा अप्पांचा जीव टांगणीला लागला. शेवटच्या फेरीत हरल्यावर मला म्हणाले, "सुटलो बगा गुरुजी. एवढा चिवडा कुनाच्या गळ्यात मारला असता?"

माझं अक्षर बरं, म्हणून बैठकीची वही माझ्याकडे असे. पराभवाचं कारण दर वेळी एकच निघे: कार्यकर्ते कमी पडले. प्रदेशाध्यक्ष हे सांगत आणि समोरचे कार्यकर्ते माना डोलवत. अध्यक्ष मात्र सारखे बदलत. कुणी दुसऱ्या पक्षात गेले, कुणाला काढलं, एकाचा तर स्वागताचा बॅनर छापून येईपर्यंत कारभार आटोपला. तेव्हापासून अप्पांनी एकच बॅनर कायमचा करून घेतला. खाली हात जोडलेले स्वतः, वर अध्यक्षांची जागा कोरी. नवा माणूस आला की त्याचा फोटो तिथं चिकटवायचा.

फोटो चिकटलेला प्रत्येक अध्यक्ष अप्पांच्या पाठीवर हात ठेवून म्हणे, "पुढच्या वेळी जिल्हा परिषदेचं तिकीट तुमचंच." अप्पांना जन्मात तेवढंच हवं होतं. त्यांच्या या भाबडेपणाचा मला मनापासून राग यायचा.

शेवटी तिकीट मिळालं, कारण दुसरं कुणी घेईना. अणदूरच्या सभेला अप्पा हार घेऊन दोन तास रस्त्यावर उभे राहिले. मग फोन आला, अध्यक्षांनी सकाळीच पक्ष सोडला होता. अप्पांनी बॅनरवरचा फोटो उचकटला आणि कोऱ्या जागेखाली उभं राहून भाषण केलं.

अर्थात हरले. बैठकीला अप्पा आणि मी, दोघंच होतो.

"नेते कमी पडले, असं लिहू का?" मी विचारलं.

"न्हाय गुरुजी. कार्यकर्तेच लिवा."

"अप्पा, कार्यकर्ते म्हणजे तुम्ही एकटेच होता."

"व्हय. मग माजं नाव लिवा."

मी लिहिलं. त्याची मला अजून लाज वाटते.

अप्पा गेले, तेव्हा नवे अध्यक्ष सांत्वनाला आले. अप्पांच्या बायकोला, आमच्या काकूंना म्हणाले, "पुढच्या वेळी तिकीट तुमच्याच घरात."

काकूंनी आत जाऊन बॅनरची गुंडाळी आणली आणि अध्यक्षांच्या हातात दिली.

"ह्यांचा फोटू म्या कापून घेतलाय," त्या म्हणाल्या. "उरलेलं तुमी घिऊन जावा."