बेलाच्या पानाचं आयर्लंड

आमच्या कॉलेजचे किस्से बाळाच्या लंगोटांसारखे. धुऊन वाळत घालावेत, तर बादलीत नवे पडलेलेच!

आधी रोह्यात भाताच्या गिरणीच्या माडीवर टायपिंगचा क्लास होता. मग कॉम्प्युटर क्लास. मग डायरेक्टरसाहेबांनी बोर्ड लावला: ‘इंटरनॅशनल बिझनेस कॉलेज, आयर्लंडशी संलग्न’. रंगवला पेणच्या गणपती रंगवणाऱ्या कारागिराने. आयर्लंडचं ते तीन पानांचं चिन्ह त्याने अगदी मनापासून काढलं. बेलाचं पान! पहिल्याच सोमवारी एक बाई पायरीवर चपला काढून आत आल्या. “अभिषेक किती वाजता हाय?”

आयर्लंडचे सर ऑनलाइन कधी येणार, असं मुलं विचारायची. साहेबांचं ठरलेलं उत्तर, “आत्ता तिकडे रात्र आहे.” सकाळी रात्र, दुपारी रात्र, संध्याकाळीही रात्र! शेवटी अष्टमी गावची नसरीन उठली. “सर, तिथं उजाडतं तरी कधी?”

मी इथे शिकवते; या नसरीनची ॲडमिशनही मीच केलेली. तिची अम्मी म्हणाली होती, “तू सांगतेस म्हणून धाडते गो. आयर्लंड आमी कुठं बघितलाय?” मी हसून मान डोलावली. मी तरी कुठं बघितलं होतं? एमकॉम झालेली बाई, आणि विश्वास ठेवला तो बोर्डावर!

बाळंतपणाच्या रजेवरून परतले, तर साहेब म्हणाले, “मॅडम, स्मरणिकेसाठी कॉलेजचा इतिहास लिहा. तुमचा आराम झालाच आहे.” आराम! शोधलं, तर ते आयर्लंडचं कॉलेज आमचा बोर्ड लागायच्या आधीच बंद पडलेलं. लगेच सांगायला गेले. साहेब चहा ढवळत म्हणाले, “बरंच झालं की! तक्रार करायला कोणी उरलं नाही.”

मग नसरीनला कंपनीत नोकरी लागली. अट एकच, डिप्लोमा खरा असल्याचं आयर्लंडचं पत्र सोमवारपर्यंत हवं. साहेबांनी बेलपानाचं लेटरहेड माझ्यापुढे सरकवलं. “तुमचं इंग्लिश चांगलंय. तुम्हीच व्हा आयर्लंड!”

माझी नोकरी गेली तर? पण रागाने पेन कागदात घुसत होतं. त्याच लेटरहेडवर सरळ मराठीत लिहिलं, ‘आयर्लंडचं कॉलेज बंद आहे. नसरीनला मी शिकवलंय, इथे रोह्यात. शंका असेल तर समोर बसवून परीक्षा घ्या.’ खाली माझी सही. पाकीट उघडंच नसरीनच्या हातात दिलं. तिने वाचलं, घडी घालून परत पाकिटात सरकवलं आणि गेली.

मंगळवारी आली ती गळ्यात कंपनीचं कार्ड घालून. ती थेट साहेबांच्या केबिनच्या दारात उभी राहिली.

“सर, आयर्लंडात उजाडलं!”